नूडल्सच्या दुकानातला दुखवटा

माझ्या बायकोच्या भावाने माझा दुखवटा काढण्यासाठी जी जागा निवडली, ती जर्मनीतल्या डसेलडॉर्फ शहरातली एक जपानी नूडल्सची खानावळ होती. हे वाक्य मी लिहिल्यावर दोनदा वाचून पाहिलं. त्यात वाढवून सांगितलेलं काही नाही.

आमच्या श्रीगोंद्याकडे घरातलं माणूस गेलं की त्या घरात मटण शिजत नाही, तळण होत नाही, गोडधोड होत नाही. दहावा-तेरावा उरकला तरी ही बंदी आपोआप सुटत नाही. ती सोयऱ्यांनी येऊन सोडवायची असते. बायको गेली असेल तर तिच्या माहेरची माणसं येतात, टॉवेल-टोपी देतात, बोकडाचं मटण शिजवतात आणि मेहुणा आपल्या हाताने पहिला घास भरवतो. त्यानंतर तो माणूस लग्नाकार्यात जायला मोकळा, चारचौघांत हसायला मोकळा. दुखवटा कोणी काढायचा हे नात्याने ठरलेलं असतं. ज्याचा काढायचा त्याला कोणी विचारत नाही.

माझा दुखवटा आठ महिने तसाच राहिला होता, कारण तो काढणारा एकुलता एक मेहुणा परदेशात होता. मला त्याची काही अडचण नव्हती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस, मला लग्नांना जायची हौस कधीच नव्हती. दूध-भात, वरण-भाकरी, एखादी भाजी, एवढ्यावर माझं नीट चाललं होतं. अडचण सासूबाईंची होती. त्यांना मी मामी म्हणतो. लेक गेल्यावर मामींनी जाहीर करून टाकलं होतं की जावयाचं तोंड तिखट झाल्याशिवाय त्या स्वतः मटणाला शिवणार नाहीत. ऐंशीच्या घरातली बाई. आयुष्यभर उसाच्या फडात राबलेली, मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करून खाणं हे तिचं एकमेव सुख. ती आठ महिने आमटी-भातावर होती. गावातल्या जत्रेच्या दिवशीसुद्धा तिने ताट परत केलं, हे मला लोकांनी येऊन येऊन सांगितलं. सांगणाऱ्यांचा सूर असा, की तुम्ही काहीतरी करा.

त्यात माझी मुलगी डसेलडॉर्फला नोकरी करते. तिने तिकीट पाठवलं, "बाबा, महिनाभर तरी या," म्हणाली. मी गेलो. तिचा मामाही त्याच शहरात राहतो, हे मला अर्थातच ठाऊक होतं. पहिले काही दिवस मी त्याचे फोन तिलाच घ्यायला लावले. मग एका संध्याकाळी ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, मामाला तुमचा दुखवटा काढायचाय. आजीशी त्याचं बोलणं झालंय. आजी त्या दिवशी मोबाईलवर बघणार आहे. तुम्ही खाल्लं की ती खाणार. नाही म्हणू नका."

माझ्या मुलीने माझ्याकडे क्वचितच काही मागितलं आहे. मी नाही म्हणालो नाही.

मेहुण्याबद्दल माझ्या मनात काय होतं ते इथे सांगितलं पाहिजे. तो माझ्या बायकोपेक्षा बराच लहान. तिने त्याला कडेवर घेऊन वाढवलं, आमच्या लग्नानंतर आमच्याच घरी ठेवून शिकवलं. ती आजारी पडली तेव्हा तो रोज फोन करायचा. "अक्का, तिकिटाचं बघतोय." मग, "अक्का, तिकीट काढलंय." मग, "अक्का, निघालोच म्हणून समज." असे तीन महिने गेले. त्याच्या व्हिसाचं नूतनीकरण अडकलं होतं, बाहेर पडला असता तर परत येऊ देतील याची खात्री नव्हती, हे तो नंतर सांगत राहिला. कारण खरं असेल. मी तपासलं नाही. पण ती पलंग खिडकीपाशी हलवायला लावून फाटकाकडे बघत पडून राहिली. सकाळी शेजारणीकडून वेणी घालून घ्यायची, कारण तो येईल. दुपारी झोपायची नाही, कारण तो येईल. मी शेजारी खुर्चीत पुस्तक घेऊन बसलेलो असायचो. आयुष्यभराचं बरंच बोलायचं राहिलं होतं. पण तिचं लक्ष फाटकाकडे. शेवटचे दिवस त्याने नेले आणि तो आलाही नाही. अंत्यविधी त्याने मोबाईलवर पाहिला.

असा माणूस मला घास भरवणार होता.

ठरलेल्या दिवशी दुपारी आम्ही त्या गल्लीत पोचलो. स्टेशनजवळचा तो भाग जपानी लोकांचा आहे. पाट्या जपानी, दुकानं जपानी. खानावळीबाहेर रांग होती. थंडी हाडात जाणारी. रेशनच्या दुकानासमोर उभं राहावं तसे आम्ही फूटपाथवर उभे. इथे लोक जेवणासाठी हौसेने ताटकळत होते, एकमेकांचे फोटो काढत होते. मेहुणा खुशीत होता. त्याच्या हातात एक कापडी पिशवी होती.

"दाजी, हितली रांग बगूनच वळखायचं, लई भारी मिळतं," तो म्हणाला. माझ्याशी बोलताना त्याची भाषा अजून गावचीच राहिली आहे. जर्मन बोलताना तो दुसराच कोणी वाटतो.

"दुखवटा काढायला रांग लावावी लागते हे नवीनच," मी म्हणालो.

मुलीने माझा कोपर दाबला.

"घरीच केलं असतं ओ दाजी," तो म्हणाला. "पर बायकूला मटनाचा वास चालत न्हाई. पडदं धुवाय काढती."

"येताना स्टेशनपाशी तुर्की खाटकाचं दुकान होतं. काचेमागे बोकड टांगलेला होता."

"त्यो कच्चा, दाजी. शिजवायचा कुठं?"

बोलायचं झालं तर बरंच होतं, आणि रांग पुढे सरकत होती.

दार उघडून आत पाऊल टाकलं तोच आतले सगळे नोकर एका सुरात मोठ्याने ओरडले. मी दचकून मागे सरलो. मुलगी म्हणाली, ही त्यांची स्वागत करायची पद्धत आहे. दुखवट्यातल्या माणसाचं असं आरडाओरडा करून स्वागत होताना मी तरी पाहिलं नव्हतं. आत वाफ कोंडली होती, माझा चष्मा पांढरा झाला. पुसला, परत पांढरा झाला. बसायला पाठ नसलेली उंच स्टुलं, मांडीला मांडी लागावी इतकी जवळ. बाजूला एक तरुण जोडपं वाडग्यात तोंड घालून ओरपत होतं. सगळं दुकानच ओरपत होतं. लहानपणी चहाचा भुरका मारला म्हणून वडिलांनी माझ्या हातातली बशी काढून घेतली होती. इथे माणसं सुटाबुटात तेच करत होती, आणि कोणाला काही वाटत नव्हतं.

मेहुण्याने परस्पर तिघांची ऑर्डर दिली. मुलीने मेनूकार्ड उलटून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मामा, हे पोर्क आहे."

"मग?"

"बाबा पोर्क खात नाहीत. आपल्यात कोणीच खात नाही."

"अगं, हितं बोकडाचं कोन देनार? मटन म्हंजे मटन. तिखट झालं की झालं." मग माझ्याकडे वळून, "दाजी, एक घास घ्यायचा फकस्त. बाकीचं म्या संपवतो."

मी म्हणालो, "तू हे आधी मामींना विचारलंस?"

तो हसला. "आईला कशाला सांगायचं समदं?"

मग त्याने पिशवीतून टॉवेल काढला. पांढरा, कोरा, कुठल्यातरी मोठ्या दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती. तो त्याने माझ्या खांद्यावर पांघरला. गांधी टोपी जर्मनीत मिळाली नाही म्हणून त्याने लोकरीची काळी कानटोपी आणली होती. ती उभं राहून माझ्या डोक्यावर घातली आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. त्या गर्दीत त्याला नीट वाकताही येईना, मागच्या माणसाला त्याचा धक्का लागला. जेवण वाढणारी मुलगी हे बघत होती. मी कपड्यांवर रस्सा उडेल म्हणून घाबरलोय असं तिला वाटलं असावं. ती लगबगीने आली आणि टॉवेलवरून माझ्या गळ्यात कागदाचा एक एप्रन बांधून गेली, बाळाला बांधतात तसा. मेहुणा तिला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाला आणि दोघं हसली.

मी माझ्या मुलीला विचारलं, "काय म्हणाला तो?"

"काही नाही, बाबा. वाढदिवस आहे म्हणाला."

वाडगे आले. रस्सा दुधासारखा पांढरा, वर तेलाचे गोल डोळे तरंगत होते. पिवळट नूडल्स, काळ्या कागदासारखा एक चौकोनी तुकडा, तपकिरी पडलेलं अर्धं अंडं, आणि गुंडाळून कापलेल्या मांसाच्या दोन चकत्या. मुलगी मला रिझवायच्या आवाजात म्हणाली, "बाबा, आईच्या शेंगोळ्यांसारखंच आहे की नाही?"

माझी बायको हुलग्याच्या पिठाच्या वळ्या हाताने वळायची, लसूण-मिरचीच्या झणझणीत पाण्यात उकळायची. पावसाळी संध्याकाळी स्वयंपाकघरातून तो वास आला की मी पुस्तक मिटायचो. त्याचा आणि या वाडग्याचा संबंध कोणी लावू नये.

"नाही," मी म्हणालो. तिचा चेहरा उतरला. मला ते दिसलं आणि मी काही दुरुस्ती केली नाही.

मेहुण्याने मोबाईल पाण्याच्या ग्लासला टेकवून उभा केला आणि गावी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. शेजारची सून मोबाईल धरून उभी होती, त्यामुळे कधी मामींचं कपाळ दिसे, कधी ओसरीचा पत्रा. मग एकदाचा मोबाईल स्थिर झाला. मामी पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात ताट. ताटात मटण, बाजरीची भाकरी, फोडलेला कांदा. शेजारणीकडून शिजवून घेतलं होतं आणि माझ्या घासाची वाट बघत होत्या.

"आई, दिसतंय का?" मेहुणा ओरडला. त्या दुकानात ओरडल्याशिवाय ऐकूही आलं नसतं.

"दिसतंय, दिसतंय. पाव्हन्यांना टोपी घातली का?"

"घातली की. ही बग."

"ही कसली रं टोपी? चोरावानी दिसत्यात."

"आई, हितं थंडी हाय."

"बरं. अन् गळ्यात त्ये काय कागुद?"

"त्ये हितलं असतंय. तू ताट घिऊन बस गप."

"बसलीच हाय की कवाधरनं. गार झालं समदं." मग त्या मोबाईलजवळ वाकल्या. "मटन बोकडाचंच हाय न्हवं?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "व्हय आई. बोकडाचंच. चांगलं कवळं हाय."

त्याने जेवायच्या काड्या बाजूला ठेवल्या, दोन बोटांनी वाडग्यातली चकती उचलली. गरम होती, त्याची बोटं भाजत असणार. रस्सा मनगटावरून बाहीत ओघळत होता. चकती माझ्या तोंडापाशी आणून तो म्हणाला, "घ्या, दाजी."

ते 'व्हय आई' माझ्या कानात होतं. अगदी हाच आवाज, हाच मऊ, समजूतदार, दुसऱ्याचं ओझं हलकं करणारा आवाज मी तीन महिने आमच्या पलंगापाशी ठेवलेल्या फोनमधून ऐकला होता. मी तोंड उघडलं, पण घासासाठी नाही.

"मामी," मी म्हणालो, "हे डुकराचं आहे."

मुलगी म्हणाली, "बाबा!" मेहुण्याचा हात तसाच माझ्या तोंडासमोर राहिला. शेजारचं जोडपं ओरपायचं थांबून आमच्याकडे बघू लागलं.

तिकडून मामी म्हणाल्या, "पाव्हणं, तुमाला कुनी इचारलं हुतं?"

"मामी, तो तुमच्याशी खोटं बोलत होता."

"मला कळलं न्हाई व्हय? माझ्या पोटचं हाय त्ये. ल्हानपनापास्नं 'व्हय आई' म्हन्लं की म्या वळखते. त्यानं व्हय म्हनावं म्हनून तर इचारलं. तुमी घास घेतला असता, म्या घेतला असता, मिटलं असतं."

"तुमच्या लेकीलाही तो असंच सांगत राहिला," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. माझा आवाज सहसा चढत नाही. "ती फाटकाकडे बघत गेली."

"तिला बी ठावं हुतं."

"काय ठाऊक होतं?"

"त्यो येत न्हाई त्ये. मलाच म्हन्ली ना ती. आई, त्यो यायचा न्हाई, पर त्याला म्हनावं फोन करायचं सोडू नगं. निघालो म्हनतो त्ये आयकाया बरं वाटतंय."

मी मेहुण्याकडे पाहिलं. हे त्यालाही माहीत नव्हतं. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं, आणि हातातल्या चकतीतून थेंब टेबलावर पडत होते.

या जागी माझा राग उतरला असं लिहिता आलं असतं. तसं झालं नाही. उलट तो वाढला. आजवर मला वाटत होतं की तिला फसवलं गेलं, म्हणून ती फाटकाकडे बघत राहिली. आता कळलं, ती जाणूनबुजून बघत होती. येणार नाही हे ठाऊक असून तिने त्याची वाट बघणं पसंत केलं होतं, आणि मी हातभर अंतरावर बसलो होतो. आईला सांगितलं, मला नाही. हे ज्याच्यामुळे घडलं तो माणूस लालभडक बोटांत डुकराचा तुकडा धरून माझ्यासमोर बसला होता.

"घेता का घास?" मामींनी विचारलं. आवाजात विनवणी नव्हती. बाजारात एकदाच भाव विचारावा तसं विचारलं.

"बाबा, प्लीज," मुलगी म्हणाली. "आजीसाठी तरी. मामासाठी नको."

मी ताटाकडे पाहिलं. त्या मोबाईलच्या चौकटीत भाकरीचा पापुद्रा सुटलेला दिसत होता. एक घास, चावायचाही नाही, नुसता गिळायचा. मला ते जमणार नव्हतं. डुक्कर होतं म्हणून नाही. बोकड असता तरी त्या हातातून मी घेतला नसता, आणि हे त्या क्षणी आम्हा चौघांनाही कळत होतं.

"नाही, मामी."

"बरं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं त्या ताट सारतील. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होतो. त्या ताटावरून उठल्या असत्या तर आम्ही दोघं एका बाजूला झालो असतो, आणि तो एकटा पडला असता. लेकीच्या नावाने मामींनी आणखी एक दिवस उपाशी राहावं अशी माझी इच्छा होती. तेवढा दोष मला त्याच्यावर टाकायचा होता.

मामींनी भाकरी मोडली.

"तुमी दोघं बसा त्या वाडग्याम्होरं," त्या म्हणाल्या. "येक गेली. दुसऱ्याला पाव्हणं उबं करंनात. त्या दुसऱ्याला खरं बोलता येईना. माझं किती दिस ऱ्हायल्यात? म्या खाते." आणि रश्श्यात कुस्करा करून त्यांनी घास तोंडात घातला. त्यांच्या घराण्यात असं कोणी केलं नसेल. जावयाचा दुखवटा निघायच्या आधी सासूने तिखट खाल्लं. शेजारची सून "अवं आत्याबाई!" म्हणाली आणि मोबाईल हलला, परत सरळ झाला.

मेहुण्याने हातातली चकती हळूच माझ्या वाडग्यात सोडली. कागदाच्या रुमालाने बोटं पुसली. त्याचे डोळे भरले होते. ते वाफेने असतील, मी ठरवलं नाही. तो म्हणाला, "दाजी, मग तुमी न्हाई ना खात?"

"नाही."

त्याने माझा वाडगा आपल्याकडे ओढला आणि खायला लागला. मान खाली घालून, आवाज करत, त्या दुकानात सगळे करत होते तसा. मुलीने स्वतःच्या वाडग्याला हात लावला नव्हता. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर मी परत आल्यावरही विसरलेलो नाही, आणि तिने त्यानंतर मला बोलावलेलंही नाही. माझा दुखवटा अजून निघालेला नाही. कोणी काढायला येईल असं आता वाटत नाही.

मी कागदाचा एप्रन सोडला. कानटोपी काढली, टॉवेलची नीट घडी केली आणि दोन्ही त्याच्या पिशवीवर ठेवलं. फोन कोणीच बंद केला नव्हता. ग्लासला टेकून तो तसाच उभा होता आणि त्यात मामी जेवत होत्या. दात नसल्यामुळे घास या गालातून त्या गालात फिरवत होत्या, सावकाश, कोणाकडेही न बघता. मग ताट पुढे सारून शेजारणीला म्हणाल्या, "रस्सा वाड गं आजून. अन् नीट ढवळून घे, समदं तिखट खाली बसलंय."